एकही घर सुटायला नको

पोंक आला की मी दमते.

खानदेशात आपण ज्याला हुरडा म्हणतो, त्याला सुरतेत पोंक म्हणतात. थंडी पडली की तापीकाठी मांडव लागतात, ज्वारीची कोवळी कणसं भट्टीत भाजतात, कापडात गुंडाळून बडवतात आणि हिरवे ओलसर दाणे तराजूत पडतात. सोबत लिंबू-मिऱ्याची शेव. सगळं शहर खुशीत असतं. मी शिकवते त्या इमारतीत खाली आमची मराठी शाळा भरते आणि वर गुजराती. दुपारच्या सुट्टीत वरच्या बाया पुडा घेऊन खाली येतात. "मंगलाबेन, खाओ ने!" मी खाते. चव बदललेली नाही, दाणे अजून तसेच गोड लागतात. दुसऱ्या घासाला मीच थांबते.

यंदा पोंकाबरोबर दोन गोष्टी एकाच आठवड्यात आल्या. एक सिनेमा आणि एक निरोप.

निरोप शहराबाहेरच्या कडोदऱ्याहून होता, आमच्या जुन्या शेजारणीचा, शकीलाभाबीचा. सहा वर्षांत पहिल्यांदाच. तिची मुलगी नसीम बाहेरून दहावीला बसणार होती, तिचा फॉर्म भरायचा होता. निरोप आणणारी माझ्या आईला म्हणाली, "भाबी सांगस, मंगलाच पाहिजे. तिनं अक्षर चांगलं शे."

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तांदूळ निवडत राहिली.

सिनेमा माझ्या जुन्या कॉलेजात होता, रविवारी सकाळी. आमच्या वेळचे एक सर अजून तिथे शिकवतात. मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए., हे मी कुठेही न लाजता सांगते, आणि सरही चार लोकांत सांगतात, म्हणून ते बोलावतात तेव्हा मी जाते. सिनेमा परदेशी होता. कुठल्याशा थंड मुलखातलं गाव, आणि तिथल्या एका जमातीला शेजाऱ्यांनीच कसं संपवलं त्याची गोष्ट. देश कोणता ते मला शेवटपर्यंत धड कळलं नाही. खाली इंग्रजी अक्षरं धावत होती, एक ओळ वाचेपर्यंत दुसरी येई. पण अशा सिनेमाला भाषा फारशी लागत नाही. ट्रक येतात, कुत्री भुंकतात, चिखलात बूट उमटतात, आणि मागे एक वाद्य रडत असतं. रडायचं कधी ते वाद्यच सांगतं.

मधे एक दृश्य होतं. एक बाई टेबलाशी बसून नावं लिहिते आहे. मान खाली. लिहिता लिहिता थांबते, पेनाचं टोक कापडाला पुसते, पुन्हा लिहिते. तीन सेकंद, फार तर चार. मग कॅमेरा बाहेर गेला आणि पुन्हा ट्रक.

बाकी सिनेमाभर मी त्या बाईची वाट बघत राहिले. ती परत आली नाही.

नंतर चर्चा झाली. एक मुलगा म्हणाला, "सर, केवा राक्षस हता ए लोको!" सर म्हणाले, राक्षस नव्हते, साधी माणसं होती, साध्या माणसांना भडकावलं जातं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सरांनी माझंही मत विचारलं, "मंगलाबेन, तमने शुं लाग्युं?"

मी विचारलं, "सर, त्या टेबलाशी बसलेल्या बाईचं पुढे काय झालं?"

"कई बाई?" सर म्हणाले.

त्यांना ती दिसलीच नव्हती.

*

आमचं नगर म्हणजे समोरासमोर दोन रांगा, चोवीस खोल्या, मधे गटार, टोकाला नळ. चहूकडे लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने. त्यांची खटखट इतकी सवयीची की गावाहून आलेला पाहुणा ओरडून बोलायचा आणि आम्ही म्हणायचो, कशाला ओरडतो? कुणाच्या दारावर नावाची पाटी नव्हती. सुरतेतल्या आपल्या लोकांत नाव नंतर, आधी गाव. "कोनता गावना?" हा पहिला प्रश्न, आणि उत्तर मिळालं की तेच आडनाव. दोन नंबरवाले पारोळाकर, नऊ नंबरवाले साक्रीकर, आम्ही शिंदखेडाकर. चौदा नंबरचा बाबूभाऊ अमळनेरकडचा. लूमवर ताण्याचा भलामोठा रूळ चढवायचं त्याचं काम, त्या रुळाला बीम म्हणतात. एकटा अर्धा बीम पेलायचा. अहिराणी आमच्यापेक्षा चोख बोलायचा, कारण आम्ही शाळेत जाऊन बिघडलो होतो. त्याची बायको शकीलाभाबी सहावारी नेसायची, डोक्यावर पदर, हातभर बांगड्या. नळावरच्या रांगेत तिला आमच्या बायांतून वेगळं काढणं बाहेरच्या माणसाला जमलं नसतं. ईदेला तिच्याकडून शेवया यायच्या, दिवाळीत आमच्याकडून सांजोऱ्या जायच्या. या गोष्टीचं कुणी कौतुक करत नसे, आणि मीही इथे करणार नाही. वाटीला वाटी जायची, एवढंच.

थंडीत बाबूभाऊ पोंक आणायचा. ओल्या फडक्यात बांधलेला, अजून कोमट. दारोदार मूठमूठ वाटायचा आणि दरवर्षी तोच विनोद करायचा. "हाऊ हुरडाच शे. सुरतमा ऊना आन शेठ व्हयना!" सुरतेत आला नि शेठ झाला.

भाबीला लिहिता येत नव्हतं. तिची माहेरची पत्रं मी लिहायची. सातवीत होते तेव्हापासून. पत्राच्या शेवटी मी तिचं नाव ठळक लिहायचे आणि ती खाली ते गिरवायची, जीभ दातात धरून. शेवटी शेवटी 'श' तिला छान जमायला लागला होता.

गणपतीत मंडळ टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं आणायचं. पडद्यासमोर गोणपाटं अंथरून सगळं नगर बसायचं. दंगलीचं दृश्य नसलेला सिनेमा त्या काळात कमीच. एक पुढारी दात ओठ खायचा, मशाली पेटायच्या, घोळका धावायचा, आणि मग नायक दोन्ही हात पसरून मधे उभा. बाया डोळ्यांना पदर लावायच्या. अशा वेळी बाबूभाऊ मागून ओरडायचा, "थांबा, थांबा! तो दखा, पिव्या शर्टवाला! आत्तेच मरी गयथा ना तो? आते तलवार लिसन कसा पळी राहिना?"

आणि खरंच, मघाशी मेलेल्यांत पडलेला पिवळ्या शर्टाचा माणूस आता मारणाऱ्यांत धावत असायचा. सिनेमावाल्यांनी भाड्यानं आणलेली तीच पन्नास माणसं. एकदा ध्यानात आलं की पुढचा सिनेमा रडायचा राहायचाच नाही. आम्ही सगळे पिवळा शर्ट शोधत बसायचो.

"रडतंस काय," बाबूभाऊ भाबीला म्हणायचा. "समदं टमाटानं रगत शे."

आजही पडद्यावर गर्दी आली की मी पिवळा शर्ट शोधते. फक्त हसू येत नाही.

*

ब्याण्णवच्या त्या डिसेंबरात शहर बिघडलं. सुरत पेटली, कर्फ्यू लागला, आणि लूम थांबले. हे कोणत्याच सिनेमात मी पाहिलेलं नाही. सिनेमात दंगल म्हणजे आवाज. आमच्याकडे दंगल म्हणजे खटखट बंद झाली. कानात दडे बसल्यासारखं झालं. माणसं हळू बोलायला लागली, कारण आता सगळं ऐकू जात होतं.

आणि दिवस साधेच होते. हेही सिनेमात नसतं. केस विंचरले जायचे, भाकरी थापल्या जायच्या, साक्रीकरांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर कुणाचं नाव आधी यावं म्हणून भांडण झालं. दूध येत नव्हतं, घासलेट संपत आलं होतं. कोण कुठे मेलं याच्या बातम्या नळावर यायच्या आणि पाण्याबरोबर घरोघर जायच्या. खरी कोणती, खोटी कोणती, विचारायला कुणाला वेळ होता? बाबूभाऊ दारातच बसायचा. कुणी म्हणालं, भाऊ, नातेवाइकांकडे जाऊन राहा. तो म्हणाला, "हाई मन्हं गाव शे ना? आठे माले कोन वळखस नही?"

तिसऱ्या दिवशी दुपारी सुपडूभाऊ आले. मंडळाचे पुढारी, कारखान्यात मुकादम. माझ्या वडिलांना सुरतेत पहिलं काम त्यांनी लावून दिलं होतं. नगरात कुणाच्या घरी मयत झालं तर आधी तेच पोचायचे. ते दारातून म्हणाले, "मंगला, तू शिकेल शे. दूध आन घासलेट वाटाले माणसं येनार शेतस. घरवार यादी पाहिजे. नाव, माणसं किती, गाव कोनतं. तूच लिख. एकबी घर सुटाले नको."

मंडळाच्या खोलीत मला लाकडी खुर्ची दिली. टेबल पुसून दिलं. सुपडूभाऊंच्या घरून चहा आला, बशीत दोन टोस्टसह. आजूबाजूला नगरातली चार म्हातारी माणसं बसली, मी लिहीत असताना कौतुकानं बघत. बी.ए.चा निकाल लागून सहा महिने झाले होते आणि माझ्या शिक्षणाचा नगराला झालेला हा पहिला उपयोग होता. मला किती बरं वाटत होतं, हे मी लपवणार नाही.

तीन प्रती हव्या होत्या. कागदांमधे कार्बन घातले आणि तिसऱ्या प्रतीवरही अक्षर उठावं म्हणून जोर देऊन लिहिलं. पट्टीनं रकाने आखले. आणि नावं सांगताना लोक जसं बोलायचे तसं लिहायचं मला पटेना. "सहा नंबर, गुलाबआबा." असं कुठे असतं? मी म्हणाले, यादी आहे, रेशनकार्डावरचं पूर्ण नाव लिहायला हवं. कुणी मागितलं नव्हतं. माझं मलाच सुचलं. कॉलेजात शिकले होते ना, अर्धवट काम कसं करणार? मी घरोघर जाऊन रेशनकार्डं मागून आणली.

भाबीनं तिचं कार्ड स्वतः आणून दिलं. "दूध ये का वं? नसीमले चहा काया लागस," म्हणाली. मुलीला काळा चहा प्यायला लागतोय, असं. मी म्हणाले, येईल भाबी. आणि लिहिलं. खोली नंबर चौदा. शेख बाबू शेख चांद. माणसं तीन. गाव अमळनेर.

चोवीस घरांत एकच असं नाव. मला दिसलं नाही का? दिसलं. पुढचा रकाना भरला.

*

दोन दिवसांनी दुपारी बाहेरची माणसं आली. किती होती, सांगता येत नाही. वीस असतील, चाळीस असतील. त्यांच्या मागे वाद्य वाजत नव्हतं. एकाच्या पायात घरातल्या रबरी चपला होत्या, ते लक्षात राहिलं. ती ना एक नंबरला थांबली ना दोनला. सरळ चौदाकडे गेली. आमची खोली समोर. दाराच्या फटीतून मी पाहत होते आणि आईनं माझं मनगट धरलं होतं. पुढच्या माणसानं कागद उघडला, चौकटीला टेकवून धरला आणि वाचलं, "चौदह नंबर? शेख बाबू शेख चांद?"

माझं अक्षर इतकं सुवाच्य की तो अडखळला नाही.

पुढचं मी लिहिणार नाही. सिनेमावाले लिहितात, दाखवतात, त्यांना दाखवू दे. भाबी आणि नसीम मागच्या मोरीच्या पत्र्यातून निघाल्या, बाबूभाऊनं दार धरून ठेवलं होतं तेवढ्या वेळात. बीम पेलणारा माणूस, दार तसं बराच वेळ टिकलं. नगरातली बाकीची तेवीस दारं बंद होती. त्यातलं एक आमचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आलं. खरंच आलं. टेम्पो होता, कॉलेजची दोन पोरं होती, चांगल्या घरातली, पोलिसांचा पास घेऊन आलेली. त्यांच्या हातात यादी होती. माझीच, वरची प्रत, निळ्या शाईची. पोरगा नंबर वाचत होता आणि लोक पातेली घेऊन पुढे येत होते. बारा. तेरा. मग तो म्हणाला, "चौद नंबर, त्रण माणस."

त्यानं पुन्हा हाक मारली. मग मान वर करून बघितलं, चौदाची जळकी चौकट दिसली, आणि तो पोरगा रडायला लागला. हातातलं माप तसंच धरून.

सुपडूभाऊंनी यादीच्या तीन प्रती कुणाकुणाला दिल्या, ते मी विचारलं. एक दूधवाल्यांना. एक स्वतःकडे. आणि एक वरच्या कुणी मागितली म्हणून दिली. "माले काय माहीत, बेटा," म्हणाले आणि कपाळ बडवून घेतलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं की होतं? मी त्यांच्या तोंडाकडे पुष्कळ वेळ बघितलं. ओळखता आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गावी गेले ते परतले नाहीत.

*

सर म्हणतात, साध्या माणसाला भडकावलं जातं. सिनेमातही तसंच दाखवतात. चौकात भाषण, मुठी आवळलेल्या, डोळे लाल. मला सरांना सांगायचं होतं, पण त्या मुलांसमोर जीभ उचलली नाही. मला कुणी भडकावलं नव्हतं, सर. मला चहा दिला होता. माझे डोळे लाल नव्हते, मी रकाने सरळ येतात का बघत होते. माझ्या मनात बाबूभाऊबद्दल वाईट काही नव्हतं, आणि त्याचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही.

सिनेमाला चूक म्हणायचं नाही मला. दोन-अडीच तासांत तो तरी किती दाखवणार? मारणारे दाखवायला लागतात, मरणारे दाखवायला लागतात. लिहिणारी बाई बघायला कोण तिकीट काढेल? तिच्या चेहऱ्यावर काहीच नसतं. ती कामात असते. पण प्रेक्षक घरी जाताना म्हणतो, मी तर असा नाही, माझ्या हातात कधी तलवार नव्हती. आणि शांत झोपतो. मला हेवा वाटतो त्याचा.

बाबूभाऊला मात्र ते सिनेमावाल्यांच्या आधी दिसलं होतं. तीच माणसं दोन्हीकडे असतात. शर्ट बदलायचंही त्यांना सुचत नाही.

*

गेल्या रविवारी मी कडोदऱ्याला गेले. जाऊ की नको करत आठवडा काढला. भाबीला माहीत नाही, असं धरून मी सहा वर्षं काढली होती. सांगितलं तर तिचा माझ्यावरचा उरलासुरला विश्वास जाणार, न सांगता फॉर्म भरून यावं तर त्याच हातानं तिची दुसऱ्यांदा फसवणूक. जाताना पावशेर पोंक घेतला. का घेतला, कळत नाही. रिकाम्या हातानं जाववेना.

एक खोली, पत्र्याचं छप्पर, बाहेर हायवेच्या ट्रकांची घरघर. नसीम खाली बसून साडीवर टिकल्या लावत होती. बापाचं रुंद कपाळ घेतलंय पोरीनं. भाबीचे केस पांढरे झालेत. माझ्याकडे बघून म्हणाली, "वाळी गई वं. मास्तरीनले कोनी जेवू घालस नही का?" पोंकाची पुडी तिनं घेतली, हुंगली, आणि न उघडता फडताळावर ठेवली.

मी फॉर्म घेतला. गुजरातीत होता. नसीमचं नाव, पत्ता, माध्यम मराठी, विषय. पोरगी हुशार, विचारायच्या आत सांगत होती. मग रकाना आला, वडिलांचं पूर्ण नाव. पेन थांबलं.

मी म्हणाले, "भाबी, नुसतं बाबूभाई लिहू? चालतं तेवढं."

"काब्रं?" भाबी म्हणाली. का म्हणून?

मग जे यायचं होतं ते तोंडात आलं. "भाबी, ती यादी मी लिहिली होती."

नसीमची सुई थांबली. बाहेरून एक ट्रक गेला, भांडी थरथरली.

"माले माहीत शे," भाबी म्हणाली. "त्याना हातमा कागद व्हता ना. मी दारना मांगेच व्हतू, फटमाईन दखं. माले वाचता येत नही, पन तुना 'श' मी वळखस. तूच शिकाडेल शे."

मी तिच्याकडे बघू शकले नाही. "मग इतकी वर्षं विचारलं का नाहीस?"

"काय ईचारू? तू सांगती, भाबी, मी दूधसाठी लिखं. आन ते खरंच व्हतं. मंग त्या खरानं मी काय करू? कोठे ठेवू?"

मी माफी मागायला तोंड उघडलं असावं, कारण तिनं हात वर केला. "ते नको मांगू. माले जमनार नही." रागानं नाही म्हणाली. दमून म्हणाली, दिवसभर उभं राहिलेली बाई म्हणते तशी. मग नसीमच्या गुडघ्यावरची साडी बाजूला सारली, फॉर्म माझ्यापुढे सरळ केला आणि रकान्यावर बोट ठेवलं.

"लिख. कार्डवर व्हतं तसं. पुरं लिख, एकबी अक्षर सुटाले नको."

नसीम माझ्या हाताकडे बघत होती.

मी लिहिलं. शेख बाबू शेख चांद. खाली कार्बन नव्हता. तरी जोर देऊनच लिहिलं.